चाचणी विद्यार्थी

ती लॅपटॉप आणि त्याची लोंबती वायर छातीशी धरून जिना उतरत होती आणि तो वायरींचं भेंडोळं घेऊन चढत होता. वळणावर दोघं अशी अडकली, की कोणाची वायर कोणाच्या हातात तेच कळेना.

"मॅडम, सोडवू... की राहू दे असंच?"

"संगणक विभागातले ना तुम्ही? सोडवा मुकाट्याने!" म्हणाली खरी, पण हसू काही लपलं नाही.

ती वनस्पतीशास्त्र शिकवायची. त्या वर्षी निम्मी मुलं वर्गात बसत, निम्मी घरून पडद्यावर येत. बोलत मात्र कोणीच नसे. मग त्यानेच तिला युक्ती शिकवली. तासाच्या मध्येच एक प्रश्न सोडायचा, मुलांनी फोनवरून उत्तर द्यायचं, ते नावासकट पडद्यावर उमटायचं. हळूहळू मुलं बोलती झाली.

तिच्या कॉलरच्या माइकचा आवाज घरच्या मुलांपर्यंत नीट पोचतो का हे पाहायला तो स्वतः 'चाचणी विद्यार्थी' या नावाने तासात शिरायचा. काम दोन मिनिटांचं. पण ते नाव तास संपेपर्यंत पडद्याच्या कोपऱ्यात असायचं. चेहरा नाही, काही नाही... तरी कळ्या कशा उमलतात हे सांगताना तिची नजर तिकडेच जायची.

आणि एक दिवस कानावर आलं — तो दुसऱ्या कॉलेजात चालला, शुक्रवार इथला शेवटचा दिवस.

गुरुवारी स्टाफरूममध्ये एकटीच बसून तिने लॅपटॉपवर, दुसऱ्या दिवशीच्या तासाच्या प्रश्नांतच, उगाचच एक प्रश्न लिहिला, 'सरांना थांबा म्हणावं का?' तो पुसायचा राहिला. शुक्रवारी परागीभवनाच्या प्रश्नाऐवजी नेमका तोच पडद्यावर झळकला.

मग पहिल्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हा परीक्षेला आहे?"

हशा पिकला. तिचे कान लालबुंद झाले. बंद करायचं बटण काही केल्या सापडेना. 'हो', 'हो', 'हो'... उत्तरं टपटपत राहिली. कोपऱ्यातलं नाव मात्र गप्प.

शेवटी ते हललं. 'चाचणी विद्यार्थी : आवाज नीट येत नाही. जवळून विचारता का?'

ती दाराकडे वळली. तो तिथेच उभा होता, हातात तेच भेंडोळं.

"थांबा ना..." ती पुटपुटली.

"तिकडच्या नेमणुकीच्या पत्रावर सही केलीच नाही अजून," तो म्हणाला. "वाट बघत होतो... कोणी थांबा म्हणतंय का."

"इतके दिवस?"

"जिन्यापासून."

पडद्यावरून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, कॉलरचा माइक चालू आहे!"

या वेळी बंद करायचं बटण तिला न बघताच सापडलं.