पुढच्या दाराची किल्ली

ब्रूनो, चेस्टनट एकटाच संपवू नकोस, इकडे दे चार. आणि इनेस, ते दार नीट लाव बाई. एकतीस वर्षं मी जुन्या कॅथेड्रलचा दारवान होतो. दार नुसतं किलकिलं दिसलं तरी माझा जीव खालीवर होतो. का, तेच सांगायला बसलोय.

एलादियो पेंटरला तुम्ही पाहिलंय. आपल्या सालामांकात डॉक्टरेट मिळाली की भिंतीवर लाल रंगात नाव लिहितात, वर विजयाची खूण काढतात, ते काम त्याचं. बायको लवकर गेली. एक मुलगी, एल्विरा. लहानपणी ती शिडीच्या खाली उभी असायची, आणि बाप डबा झाकतोय तोवर रंग वाळला का बघायला बोट लावायची. हा वरून खेकसायचा, "ओला आहे गं, हात लावू नकोस!" तोवर बोट लागलेलं असायचं. सात वर्षांची असताना रंगाच्या डब्याच्या झाकणानं तिची तर्जनी कापली. तीन टाके पडले. आडवी रेघ राहिली ती कायमची.

पोरगी हुशार निघाली. या शहरात पूर्वी ज्या बायका शिकल्या आणि ज्यांची नावं एकाही भिंतीवर नाहीत, त्यांच्यावर तिनं डॉक्टरेटसाठी लिहायला घेतलं. बाप म्हणायचा, "ज्यांचं नावच नाही त्यांच्यावर तीनशे पानं? मला आधी सांगायचंस, मी फुकटात दोन ओळींत उरकलं असतं." ती हसायची. मग एक दिवस म्हणाली, "बाबा, माझं नाव कोळशानं नुसतं काढून दाखवा ना. कसं दिसतं बघू." हा उखडला. परीक्षेआधी नाव काढणं आमच्याकडे अपशकुन मानतात. म्हणाला, "आधी पास हो. मग मागायला ये."

परीक्षेला अकरा दिवस राहिले होते. सामोरा गावाच्या रस्त्यावर धुकं होतं, तिच्या गाडीसमोर ट्रक आला...

असो.

विद्यापीठानं माणुसकी दाखवली. तिला मरणोत्तर पदवी दिली, भिंतीवर जागा दिली, तसं पत्रही पाठवलं. एलादियोनं पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. मी समजावायला गेलो तर माझ्याच अंगावर आला. "परीक्षा झाली नाही, फाबियान. परीक्षेशिवाय मी आजवर एकाचंही नाव लिहिलेलं नाही. माझ्या पोरीला भीक नको." पोरीचा हट्टीपणा कुठून आला होता ते तेव्हा कळलं. रागही आला त्याचा.

"काका, भूत कधी येणार?" म्हणजे काय रे ब्रूनो? बस ना गप.

२०१६ साल. तीन डिसेंबर, शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी सांता बार्बाराचा सण. कॅथेड्रलच्या आवारात तिच्या नावाची खोली आहे, तिथल्या लाकडी पाटीची अक्षरं फिकी झाली होती. सकाळच्या प्रार्थनेआधी ती उजळून द्यायची होती. एलादियो संध्याकाळी किल्ली न्यायला आला. मी त्याला मागच्या दाराची किल्ली दिली. पुढच्या दाराची किल्ली मी कुणाला देत नसे. नियम होता. नियमाचं एवढं कौतुक तेव्हा मलाही होतं.

आता त्या खोलीचं ऐका. जुन्या काळी डॉक्टरेटची परीक्षा तिथेच व्हायची. आदल्या रात्री उमेदवाराला आत कोंडायचे. मधोमध एका बिशपची समाधी, वर दगडी बिशप झोपलेला. त्याच्या तळपायांना आपले तळपाय टेकवून रात्रभर खुर्चीत अभ्यास करायचा, म्हणजे डोकं चालतं म्हणे. पास झालेला पुढच्या दारानं बाहेर पडायचा, बाहेर सगळं शहर जमलेलं असायचं. नापास झालेल्याला मागच्या, गाड्यांच्या दारानं काढून द्यायचे. गुपचूप.

पुढचं एलादियोनं मला सांगितलं तसंच सांगतो.

अकरा वाजून गेले होते. तो स्टुलावर बसून शेवटची ओळ लिहीत होता. पाठीमागे कागद उलटल्याचा आवाज झाला. वारा असेल म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. पुन्हा झाला. त्यानं मान वळवली.

बिशपच्या दगडी पायांना दोन बूट टेकलेले होते.

खुर्चीत कुणीतरी. मान खाली. मांडीवर कागद.

त्यानं केसांवरून ओळखलं.

"बाबा... विचारा ना."

त्याच्या हातून ब्रश पडला. विचारणार काय? आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिणारा माणूस. शेवटी म्हणाला, "कोण होत्या गं त्या बायका?"

मग ती बोलत राहिली. एकेक नाव. कुठली, कुणाची, काय शिकली, पुढे काय झालं. त्याला अर्धं कळलं नाही. तो ऐकत राहिला. ती हयात असताना त्यानं एकदाही बसून ऐकलं नव्हतं, हे मला सांगताना तो हमसून रडला.

पाचचे टोले पडले. ती थांबली.

"झालं, बाबा."

तिनं मांडीवरचे कागद नीट लावले.

"पास?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. ती उठली. तो कंदील घेऊन पुढे निघाला, ती मागून. पावलांचा आवाज नव्हता, पण ती मागे आहे हे त्याला कळत होतं. खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडलं. दार ढकललं. आणि मागे बघितलं.

ती लांबच थांबली होती.

दाराकडे बघत.

गाड्यांच्या दाराकडे...

"बाबा, मी नापास?"

इनेस, रडू नकोस गं. थांब जरा, मलाही एक घोट घेऊ दे.

पाच वाजून दहा मिनिटांनी माझं दार बडवलं गेलं. बर्फाळ दगडांवरून तो धावत आला होता, गुडघा फुटलेला. "फाबियान, पुढची किल्ली दे! मी तिला मागच्या दारानं काढत होतो रे... पुढची दे!"

मी कोटही घातला नाही. पुढचं दार उघडलं, दोन्ही फळ्या सताड. आत अंधार. मला काही दिसलं नाही. खोटं कशाला सांगू? एलादियो मात्र बाजूला सरला, टोपी काढली, आणि खणखणीत आवाजात ओरडला, "पास!" रस्त्यावर आम्ही दोघंच. मग मीही टाळ्या वाजवल्या. काय करणार, शहर झोपलेलं होतं.

उजाडायच्या आत त्यानं ड्रॉवरमधलं पत्र काढलं, शिडी काढली. मी शिडी धरली. बारा फुटांवर त्यानं तिचं नाव लिहिलं. इतकं सुरेख अक्षर त्याचं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. शिडी आम्ही दोघांनी उचलून माझ्या कोठीत ठेवली. कुलूप मी स्वतः लावलं. समोरच्या हॉटेलात कॉफी घेतली. वीस मिनिटं, फार तर पंचवीस.

परत आलो तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं.

नावाच्या शेवटच्या अक्षरावर, ओल्या लाल रंगात, एक बोट उमटलं होतं. त्यावर आडवी रेघ.

एलादियो वर बघत राहिला. सवयीनं त्याचं तोंड उघडलं.

"ओला आहे गं... हात..."