पाचवी जागा

रक्ताच्या दोन पिशव्या वर पाठवायच्या, एवढंच काम. ती ते रोज करायची. आज फरक इतकाच, की वर शस्त्रक्रियेच्या टेबलावर तिचा धाकटा भाऊ होता.

तळघरातल्या त्या रक्तपेढीत संगणकावर नोंद झाल्याशिवाय फ्रिजचं कुलूप उघडत नसे. आणि सर्व्हरचा परवाना पाच जणांचा. एका वेळी पाच आत, सहावा दाराबाहेर. परवाना वाढवून घ्या म्हणून तिने वर्षभर डोकं फोडलं होतं. वरिष्ठांचं उत्तर ठरलेलं, "आमचं सगळं आयुष्य पाचांत निघालं. तुलाच कसली एवढी घाई?"

तिने पासवर्ड टाकला. 'सर्व जागा भरल्या आहेत.'

चौघं वरच्या वॉर्डांत कामात होते. पाचवे समोरच्या कोंदट खोलीतले भांडारवाले आप्पा. ते कधी म्हणजे कधीच बाहेर पडत नसत. तिने जागेवरूनच हाक मारली.

"आप्पा, जागा सोडा! माझा भाऊ आहे वर!"

"आत्ता नको, पोरी..." बंद दाराआडून आवाज आला. "मी सोडली, तर ती माझ्याकडे परत येणार नाही..."

"जागा काय तुमच्या तीर्थरूपांनी बांधली का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणालाही बाहेर काढायचा अधिकार तिच्याकडे होता. पडद्याने विचारलं, 'ही व्यक्ती आत आहे. तरीही काढायची?'

तिने 'हो' दाबलं.

फ्रिजची घरघर आवंढा गिळल्यासारखी थांबली. विझलेल्या वातीचा वास पसरला. समोरचं दार आपोआप उघडलं. खुर्ची संथ फिरत होती. कीबोर्डवर चष्मा, काचांवर श्वासाची ताजी वाफ. खोलीला खिडकी नव्हती. दार एकच, तेही थेट तिच्यासमोर, आणि त्यातून कुणीही बाहेर आलं नव्हतं.

"आप्पा...?"

फोन वाजला. शस्त्रक्रियागृहातली सिस्टर कुजबुजत होती. "ताई... त्याचं हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते... आणि आत्ता, आपोआप सुरू झालं."

तिने पडद्याकडे पाहिलं. पाचवी जागा पुन्हा भरली होती. तिथे तिच्या भावाचं नाव होतं. त्याने या संगणकांना कधी हातसुद्धा लावला नव्हता.

नावाखाली एक ओळ उमटली. 'काहीही हालचाल नाही. जागा काढून घेतली जात आहे.'

"ताई, नाडी पुन्हा मंदावतेय!"

तिच्या कीबोर्डने ओळ हटेना, म्हणून ती फोन कानाला धरूनच आप्पांच्या खोलीत धावली आणि हाताला लागेल ती कळ दाबली. ओळ पुसली गेली.

"आली... परत आली!" सिस्टर रडायलाच लागली.

ती मटकन खुर्चीत बसली. ओळ पुन्हा उमटली. तिने पुन्हा तीच कळ दाबली. पुन्हा. मग धीर करून तिने बोट उचललं आणि खाली पाहिलं.

वर्षानुवर्षं दाबून दाबून त्या कळीवर खळगा पडला होता. तिच्या तर्जनीच्या मापाचा. तिच्या बोटावर लहानपणच्या टाक्याचा तिरका वण होता. त्याचीही रेघ त्या खळग्यात खोल झिजलेली होती.