बारावं रीळ

दुपारी तीन ते पाच आमच्या गल्लीत माणूस दिसत नसे. पोरं क्लासला गेलेली असत, मेसवाल्या बाया डबे घासून आडव्या झालेल्या असत आणि भिंतीवरच्या बोर्डांवर मागच्या वर्षी नंबरात आलेली मुलंमुली एकटीच हसत असत. लातूरची ही गल्ली पूर्वी लाकडाच्या वखारींची होती. वखारी गेल्या, होस्टेलं आली. माझं डिस्क भाड्यानं द्यायचं दुकान. त्या दोन तासांत मी शटर अर्धं खाली ओढायचो आणि स्वतःसाठी सिनेमा लावायचो.

मी मूळचा ऑपरेटर. टूरिंग टॉकीजचं मशीन चालवण्यात माझी बावीस वर्षं गेली. लोह्याचा बाजार, देगलूरचा उरूस, औसा-निलंग्याकडचे गणपती, सगळीकडं तंबू घेऊन फिरलो. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. डब्यावरचे आकडे तेवढे ओळखायचो, आणि ऑपरेटरला तेवढं पुरतं.

ऑपरेटरला प्रेक्षकांची तोंडं दिसत नाहीत. रात्रभर नुसत्या पाठी आणि डोकी. तोंडं दिसतात ती चित्र थांबलं की. रीळ तुटलं, इंजिन बंद पडलं, की अख्खा तंबू मागं वळून मशीनकडं बघतो. आधी पुढची पोरं वळतात, मग गडीमाणसं, सगळ्यांत शेवटी बाया. कुठल्याही गावात जा, क्रम हाच.

डिस्कचा नाद मला राघवेंद्ररावांनी लावला. ते नांदेडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जुने मराठी सिनेमे जमवायचे आणि प्रत्येक डिस्क घड्याळ लावून मोजायचे. महिन्यातून एकदा लातूरला मुलीकडं आले की माझ्या दुकानात येऊन आधी तासभर कंपन्यांचा उद्धार करायचे.

"जिलानीसाहेब, हे बघा. नायिका रडते आहे आणि तिच्या कपाळावर यांचा फोन नंबर! म्हणजे आपण फोन करून तिचं सांत्वन करायचं का?"

"वर कंपनीचा शिक्का पण हाय की."

"शिक्का आहे, दोन गाणी गायब आहेत, माणसांची डोकी वरून छाटलेली आहेत. अंधार आला की नुसते चौकोन. आणि कव्हरवर काय लिहिलंय? वाचा."

"उत्कृष्ट प्रिंट."

"निर्लज्ज!" असं म्हणून ते ती डिस्क विकत घ्यायचेच. मीही घ्यायचो. चांगली येणारच नाही हे माहीत असलेली माणसं वाईट गोळा करतात.

मला मात्र एकच सिनेमा हवा होता. त्याचं नाव लिहीत नाही. खेड्यातली माणसं त्याला 'विहिरीवाला' म्हणायची. दोन भाऊ दुष्काळात विहीर खणतात, गाव त्यांना हसतं, आणि बाराव्या रिळात पाणी लागतं. एकूण चौदा रिळं. एकशेएक्केचाळीस मिनिटं.

त्याची पहिली डिस्क दोन हजार तीनमध्ये निघाली. मी ती आणून त्याच दुपारी लावली. भाऊ खणत होते, खणत होते, आणि एकदम गावजेवण सुरू झालं. पाणी लागलंच नाही. बारावं रीळ नव्हतं.

राघवेंद्ररावांनी फोनवर कंपनीला शिव्या दिल्या. "एकशेएकतीस मिनिटं! दहा मिनिटं खाल्ली चोरांनी."

तो जोड मी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. चित्र बदलतं तिथं उजव्या कोपऱ्यात कात्रीची तिरपी खाच दिसत होती. प्रत्येक ऑपरेटरची जोड लावायची एक रीत असते. ती खाच माझी होती.

यात गूढ काही नाही. ती डिस्क माझ्याच कॉपीवरून निघाली होती. आणि बारावं रीळ कुठं आहे, ते जगात मला एकट्याला माहीत होतं.

*

त्र्याण्णवचे गणपती. किल्लारीजवळचं एक गाव. आता ते त्या जागी नाही. विसर्जनाच्या दिवशी मंडळानं 'विहिरीवाला' मागितला होता. मिरवणूक लांबली, खेळ उशिरा सुरू झाला. साडेबाराला लातूरकडं एक जीप जाणार होती आणि ड्रायव्हर शिवमूर्ती मला पुढची सीट देतो म्हणाला होता. मागं शेळ्यांबरोबर बसून यायचा मला कंटाळा आला होता. एवढंच कारण. दुसरं कुठलंही कारण नव्हतं.

म्हणून मी अकराव्या रिळाला थेट तेरावं जोडलं.

खेळ सुटल्यावर सगळी उठली, एक म्हातारी उठली नाही. नागम्मा. गोधड्या शिवायची. दर वर्षी स्वतःची गोधडी अंथरून पुढं बसायची, अंबाड्यात शेवंती असायची.

"जिलानीभाई, पानी लागलेलं दावलंच न्हाई की."

"रीळ फाटलंय, अम्मा."

"मग जोडा अन् पुन्हा लावा. आमी बसतो. उद्या काय काम हाय? गनपती गेला."

तिच्यामागं चाळीसेक माणसं पुन्हा बसली. एकजण ओरडला, "हाव, लावा! सकाळपर्यंत बसतो!" बाकीचं गाव घरी गेलं होतं.

शिवमूर्तीनं हॉर्न दिला. खोटं उघडं पडू नये म्हणून मी बाराव्या रिळाचं टोक हातानं टरकन फाडलं आणि सगळ्यांना दाखवलं. "हे बघा. हे जुळत न्हाई आता."

नागम्मानं ते बोटांत धरून कापडासारखं चाचपलं. "एवढंच व्हय? मी शिवून दिऊ का?"

माणसं हसली. मीही हसलो. डबा तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "घ्या, शिवून ठेवा. उद्या येऊन नेतो." तिनं डबा काखेत मारला, गोधडी झटकली. मग चाळीसच्या चाळीस माणसं धूळ झटकत उठली आणि दगडामातीच्या घरांत झोपायला गेली.

बाकीचे तेरा डबे जीपमध्ये मागं टाकून मी पुढच्या सीटवर बसून लातूरला आलो.

चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. दुसरा खेळ लावला असता तर रिळं गुंडाळून, बदलून तो साडेतीनच्या सुमारास सुटला असता, आणि माणसं नेहमीसारखी तिथंच मैदानात, गोधड्यांवर आडवी झाली असती. वर नुसतं कापड आणि आभाळ होतं.

पुढं मेलेल्यांच्या याद्या लागल्या. मला त्या वाचता येईनात. एका अनोळखी माणसाला मी नावं विचारली, तो बोट फिरवत वाचत गेला. नागम्माशी थांबला आणि म्हणाला, "तुमची कोण?" त्यानंतर मी प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकलो, पंचेचाळिसाव्या वर्षी. मशीनला पुन्हा हात लावला नाही. तेरा डबे टॉकीजच्या मालकानं वितरकाला परत पाठवले. त्या सिनेमाची दुसरी कॉपी कुणाकडं नव्हती, हे पुढं कळलं.

*

दुसऱ्या कंपनीची डिस्क दोन हजार पाचमध्ये आली. बारावं रीळ नव्हतंच. चित्राच्या खालच्या कडेला मधोमध एक काळा उंचवटा दिसायचा. राघवेंद्रराव म्हणाले, स्कॅन करताना काहीतरी आडवं आलं असेल, या लोकांना काय कळतं.

तिसऱ्या डिस्कवर उंचवटे अकरा झाले. मी मोजले. त्यातले दोन हलत होते. एकाला फेटा होता.

माझी बीबी आबेदा दुपारचा चहा घेऊन आली आणि पडद्याकडं बघत उभी राहिली.

"क्या देखरे जी? ये लोगां कौन हैं सामने?"

"डिस्क खराब आहे," मी म्हणालो.

"खराब हाय तर बघत काय राहिलात?"

त्या रात्रीचं तिला सगळं माहीत होतं. फक्त पुढच्या सीटची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. तिनं एकदा पडद्याकडं पाहिलं. मग कप उचलून आत गेली.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये नांदेडहून राघवेंद्ररावांचा फोन आला. आवाज एकदम तरुण झालेला. "जिलानीसाहेब, पूर्ण आहे! एकशेएक्केचाळीस! वजिराबादला एकाकडं मिळाली, दोनच होत्या, दोन्ही उचलल्या. कव्हर नाही, कंपनी नाही, फोन नंबरसुद्धा नाही. तुमची एस.टी.नं पाठवतो."

"बारावं रीळ आहे?"

"आहे तर! पाणी लागतंय, धो धो. फक्त कुणीतरी खेळ चालू असताना मागून कॅमेरा लावून काढलेली दिसते. खाली प्रेक्षकांची डोकी येतात. चाळीसेक असतील. तेवढं चालवून घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं पाकीट दिलं. दुपारी तीनला मी शटर ओढलं.

चित्र स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की उजव्या बाजूला तंबूचा खांब दिसत होता. मी मशीन नेहमी त्या खांबाच्या डावीकडं लावायचो. माझ्या स्टुलावर बसून जे दिसायचं तेच पडद्यावर दिसत होतं. फेटा होता. खांद्यावर घेतलेलं एक पोर होतं. पुढं डावीकडं अंबाडा होता, त्यात शेवंती.

मी खुर्ची मागं सरकवली नाही. बसून राहिलो. अकरावं रीळ संपत आलं आणि मी त्या खाचेची वाट पाहू लागलो.

खाच आली नाही.

तिथं चित्रावर वरपासून खालपर्यंत टाके दिसले. बारीक, सारख्या अंतराचे. गोधडीचा धावदोरा. क्षणभरच. मग विहिरीच्या तळाला ओल दिसली.

पाणी लागलं तेव्हा खालची डोकी एकदम उंच झाली, माणसं आनंदानं उठतात तशी. आवाज मात्र फक्त सिनेमाचा होता.

चौदावं रीळ सरत आलं तेव्हा फोन वाजला. राघवेंद्रराव.

"लावली का? अहो, एक चमत्कार झाला. मी काल शेवटपर्यंत पाहिली. शेवट झाल्यावर ती माणसं उठली, कपडे झटकले, गेली. आज पुन्हा लावली तर पहिल्यापासून एकही डोकं नाही! खांबसुद्धा नाही. कसली प्रिंट आहे म्हणून सांगू! आयुष्यात अशी पाहिली नव्हती. आता तुम्हीही शेवटपर्यंत..."

मी फोन ठेवला.

शेवटची मिनिटं उरली होती. मागच्या रांगेतला एक माणूस वाकून चपला शोधत होता. पोराला कुणीतरी दुसऱ्या खांद्यावर घेतलं. डावीकडं गोधडीचं टोक उचललं गेलं.

ती घरी निघाली होती.

मी बटण दाबलं.

चित्र थांबलं. गोधडीचं टोक अधांतरी राहिलं.

*

तेव्हापासून ते थांबलेलंच आहे. बऱ्याच प्लेअरवर पाच मिनिटांनी कंपनीचं चिन्ह फिरायला लागतं, माझ्या प्लेअरवर येत नाही. भारनियमन रोज आठ-आठ तास असायचं, म्हणून दुसऱ्याच दिवशी इन्व्हर्टर बसवला. तोपर्यंतच्या एका रात्रीसाठी शेजारच्या होस्टेलचं जनरेटर मागून आणलं. टीव्ही आणि प्लेअर दुकानातून उचलून आतल्या खोलीत नेले, तेही वायर न काढता, आबेदा आणि मी दोघांनी धरून. दुकान पुढं बंद केलं. डिस्क आता कोण घेतं?

राघवेंद्रराव महिन्यानं आले तेव्हा त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"हे काय? पुढं का नाही जाऊ देत? स्वच्छ प्रिंट मिळेल तुम्हाला!"

"मला हीच पाहिजे," मी म्हणालो.

"खराब आहे हो ती."

"असू द्या, रावसाहेब. बसलीत ती."

त्यांना काय समजलं माहीत नाही. चहा न घेता गेले, पुन्हा आले नाहीत.

थांबलेल्या चित्रानं टीव्हीची काच जळते, आकृत्या तिच्यावर उमटतात आणि हळूहळू बदलल्यासारख्या वाटतात, असं टीव्ही दुरुस्त करणाऱ्या नरसिंगनं मला सांगितलं. तसं असेल. पहिला फरक मला पावसाळ्यात दिसला. पुढचं एक पोर. आधी त्याचं डोकं मागून दिसायचं, नंतर कान दिसला, नंतर गाल.

मी टूरिंग टॉकीजची बावीस वर्षं विसरलो होतो. चित्र थांबवलं की काय होतं, ते मला कुणी सांगायला नको होतं.

दिवाळीपर्यंत सगळी पोरं वळली. मग फेटेवाला. मग गडीमाणसं एकेक करून. ओरडत नाहीत, शिट्ट्या मारत नाहीत. मशीनकडं बघतात. आबेदा झाडू मारायला जाते तेव्हा पदर डोक्यावर घेऊन जाते. येऊन मला आकडा सांगते, "आज तीन औरतां."

पुन्हा बटण दाबलं तर ती घरी जातील. नाही दाबलं तर अशी बघत राहतील. मी रोज दुपारी तीनला आत जाऊन स्टुलावर बसतो. पाच वाजेपर्यंत बसतो. नजर खाली घालत नाही. एवढं मी त्यांचं देणं लागतो.

काल शेवटची बाई वळली. आता फक्त नागम्मा पाठमोरी आहे, आणि आज सकाळी तिच्या अंबाड्यातली शेवंती डाव्या बाजूला सरकलेली दिसत होती.