चार नंबरचं बोट

दिवा जरा पुढे ओढा. माझे डोळे आता गेल्यातच जमा. तीस वर्षं पियानोच्या जुन्या रचनांची हस्तलिखितं आणि छापील प्रती ताडून पाहिल्यात, दुसरं काय होणार!

ही शेवटची रचना. पाचच पानं. माझी लेक रविवारी मैफलीत वाजवणार होती म्हणून हातात घेतली, नाहीतर जीव पार विटला होता. ग्रंथालयात सकाळी डावीकडे हस्तलिखित, उजवीकडे छापील प्रत ठेवून पट्टी सरकवत बसलो. स्वरांच्या डोक्यावर बारीक आकडे असतात, कोणतं बोट लावायचं ते सांगणारे. अंगठा एक, करंगळी पाच. पहिल्या दोन पानांवर हस्तलिखितात उजव्या हाताला चार कुठेच नव्हता. छापील प्रतीत मात्र होता.

आमच्या धंद्यात रचनाकारानं लिहिलं ते खरं. मी छापील प्रतीतले चारचे आकडे खोडले आणि ती दोन पानं लेकीला पाठवली. उरलेली तीन? खरं सांगतो, कंटाळलो होतो. हस्तलिखिताचे फोटो काढले आणि न तपासताच पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"बाबा, उजव्या हाताचं चौथं बोट बधिर झालंय."

"सराव जास्त झाला असेल गं. शेक घे."

"घेते. तसं वाजवताना त्याच्यावाचून काही अडत नाहीये म्हणा," ती हसली.

ग्रंथालयात जाऊन तिसरं पान उघडलं. तिथे चारबरोबर तीनचा आकडाही नव्हता. चौथ्या पानावर उजव्या हाताला एकही आकडा नाही. पाचव्यावर दोन्ही हात कोरे.

"बाई, हे आधी कुणी पाहिलंय?" मी ग्रंथपालबाईंना विचारलं.

त्यांनी नोंदवही पुढे केली. एक गृहस्थ पाच दिवस आले होते. पहिली सही मोत्यासारखी. चौथ्या दिवशीची वाकडीतिकडी, डाव्या हातानं केल्यासारखी.

"आणि ही पाचवी?"

"ती मी केली... त्यांच्या वतीनं."

धावत बाहेर आलो आणि लेकीला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग एकदम पियानो ऐकू आला.

"कोपरानं दाबला फोन," ती म्हणाली. आवाज अगदी दमलेला होता.

"कितवं पान चाललंय?"

"पाचवं..."

"थांब! आधी हात उचल, माझे आई!"

पियानो चालूच होता.

"अगं थांब म्हणतोय ना!"

"बाबा... मी कधीची थांबलेय. हात मांडीवर आहेत माझे. उचलतच नाहीयेत."

जागचा हललो नाही. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं. हस्तलिखितापेक्षा एकही स्वर वेगळा नव्हता.

आता तिला घास मी भरवतो. ज्यानं छापताना ते आकडे घातले, त्याला काहीतरी कळलं असणार हो. आणि मी शहाणा, पट्टी लावून खोडत बसलो! पियानो विकायला काढला, तर तीच नको म्हणाली. दुपारी जेवताना ती मला मधेच थांबवते, पियानोच्या बंद खोलीकडे कान देते आणि हळूच म्हणते, "बाबा, आज नवीन पान काढलंय."