कान असलेली काच

कारखान्याने नवी तावदानं बसवल्यापासून कामगार वसाहतीतली घरं गार राहू लागली होती, आणि घरात बोललेलं कारखान्याच्या कचेरीत पोचू लागलं होतं. पहिलं सगळ्यांना दिसत होतं, दुसरं सिद्ध करता येत नव्हतं. सुलोचना बनसोडेच्या मुलीला, रेवतीला, कामावरून काढलं ते जेवताना बोललेल्या एका वाक्यावरून: "सोमवारी मशिनी बंदच ठेवायला हव्यात." नोटिशीत ते जसंच्या तसं छापलं होतं. जेवायला दोघीच होत्या.

सुलोचनाने काचेबद्दल तक्रार केली, म्हणून रविवारी सकाळी कारखान्याचे चौकशी अधिकारी कुलथे घरी आले.

"बाई, साधी काच आहे ही. काचेला कुठं कान असतात?"

सुलोचनाने बावीस वर्षं बाटल्यांवर टिचकी मारून तडे ओळखले होते. तिने तावदानावर नख वाजवलं. साधी खिडकी ठक् करून गप्प बसते. ही बराच वेळ गुणगुणत राहिली.

"साधी आहे ना? मग हिच्यापुढं कर्णा वाजवला तर चालेल?"

"डीजे आणा की! वरातीनं कुणाची खिडकी फुटलीय?"

"तेवढं लिहून द्या, साहेब."

हसत हसत त्यांनी सही केली.

रेवतीने जयंतीच्या मंडळाचा कर्णा खिडकीसमोर मांडला. सुलोचनाने दोऱ्याला बांधलेला मणी काचेला टेकेल असा सोडला. कर्ण्याला जोडलेल्या मोबाइलवरून एकच सूर हळूहळू चढू लागला. मणी ढिम्म. मग एका सुराला तो टुणकन उडाला.

"थांब. किंचित खाली. हां, तिथंच धर."

काचेचा स्वतःचा सूर सापडला होता. झोका नेमक्या वेळी ढकलत राहावं, तशी आता प्रत्येक लाट आधीच्या थरथरीत भर घालणार होती. साध्या खिडकीत ही थरथर लगेच विरते. कुजबुज टिपण्यासाठी ही काच मात्र पातळ, सहज थरथरणारी घडवली होती.

"मागं सरका सगळे. रेवती, आवाज वाढव."

"आई, घर काढून घेतील गं."

"घेऊ देत. वाढव."

कर्णा किंचाळला. मणी वेड्यासारखा नाचला आणि तावदान खळ्ळकन खाली आलं. बाहेर जमलेल्या बायांनी एकच गलका केला.

कुलथे कपड्यांवरचे कण झटकत म्हणाले, "उद्या नवी बसेल. जाड!"

"जाड बसवलीत तर तिला आमची कुजबुज ऐकू येणार नाही," सुलोचना सहीचा कागद घडी घालत म्हणाली. "पातळ बसवलीत तर अशीच फुटेल. बोला साहेब, कुठली बसवता?"