नॉबला बांधलेली तार

ईट गावात उत्तरेश्वरच्या घरी गॅस गिझर आला तो लेकीच्या बाळंतपणापायी. सृष्टी पहिलटकरीण, दिवस कडाक्याच्या थंडीचे, अन् चुलीवर पाणी तापवून तापवून धुरपदाबाईच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. उत्तरेश्वरनं जन्मभर वायरमनकी केलेली, त्यामुळं हलगर्जीपणाची त्याला भारी चीड. सिलिंडर त्यानं न्हाणीबाहेर परसात ठेवला आणि मायलेकींना समोर बसवून बजावलं, "न्हाणीची खिडकी उघडीच पायजे. कोंडलेल्या जागी गिझर पेटला की इषारी हवा साठती. वास न्हाय, धूर न्हाय. माणूस बसल्या जागी जातं. जाळ निळा असंल तर ठीक, पिवळा दिसला की बंद करायचा."

"व्हय व्हय," धुरपदाबाई म्हणाली. आणि लेकीला अन् बाळाला न्हाऊ घालायला घेतल्यावर बोळाकडच्या खिडकीत तिनं गोधडीचा तुकडा कोंबला. बाळंतिणीला वारं लागलं तर जन्माचं दुखणं! तिच्या आईनं खिडकी कोंबली, आजीनं कोंबली. नवऱ्याचं शहाणपण खांबावर, न्हाणीत त्याला कोण विचारतं? न्हाणं उरकलं की तुकडा काढून ती पदराआड घेऊन जायची. उत्तरेश्वरला ह्याचा पत्ताच नव्हता.

गिझर मात्र रुसला.

"आबा, पाणी गार झालं!" सृष्टी आतून ओरडायची. रोज तेच. उत्तरेश्वरनं गिझरचे सेल बदलले. पाण्याची जाळी काढून तिच्यात अडकलेले खडे धुऊन काढले. दाब कमी पडत असेल म्हणून टाकी काठोकाठ भरली. शेवटी परसात जाऊन बघतो तर रेग्युलेटरचा नॉब बंदवर फिरलेला. त्यानं सुरू केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. त्याची स्वतःची आंघोळ मात्र बिनबोभाट व्हायची. बाळंतिणीशीच काय वैर होतं, त्याला काही कळेना.

"गफारभाई, परसात कुणी येतं का हो तुमच्याकडनं?" त्यानं भिंतीवरून शेजाऱ्याला विचारलं.

"तोबा! घरात मी अन् शबनम. आमी कशाला हात लावू?" गफार जरा दुखावूनच बोलला.

मग उत्तरेश्वर स्टूल टाकून सिलिंडरसमोरच बसला. आत पाणी पडत होतं, गिझर घुमत होता. त्याच्या डोळ्यांदेखत नॉब फिरला. सावकाश, जणू घरातल्याच कुणीतरी काम उरकल्यावर फिरवावा तसा.

तो बघतच राहिला. पण वायरमनकी केलेला माणूस, भुताखेतांना त्याच्या डोक्यात थारा नव्हता. नॉब सैल झाला असंल, दुसरं काय, असं त्यानं स्वतःला समजावलं. तरी सैल नॉब बंदकडेच का फिरतो, ह्याचं उत्तर काही सापडेना. पेटीतून बारीक तार काढून त्यानं नॉब सुरूवर ठेवला आणि पकडीनं पीळ घालून आवळून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिझर एकदाही बंद पडला नाही. उत्तरेश्वर थोडा वेळ परसात उभा राहिला. तार ताणल्यासारखी कुरकुरली, पण तुटली नाही. "आता बघू," म्हणून तो समोरच्या ओसरीवर चहा घेऊन बसला. किती दिवसांनी त्याला बरं वाटलं.

आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं.

तो गेला. बाळ बाजेवर एकटंच होतं. न्हालेलं, पुसलेलं, गुंडाळलेलं. धुरपदाबाई बाळाला कधी एकटं टाकायची नाही.

"अगं, कुठं हायेस?"

गिझर घुमत होता.

"सृष्टी!"

त्यानं खांदा मारून न्हाणीची कडी तोडली. दोघी भिंतीला टेकून पडलेल्या. वाफेत जाळ पिवळा दिसत होता. खिडकीत गोधडी.

त्यानं दोघींना फरफटत बाहेर काढलं. तार सोडवताना बोट कापलं, तरी नॉब फिरवूनच तो बाळाकडं धावला. गफारनं गाडी काढली, शबनमनं बाळ घेतलं आणि सगळे भूमला तालुक्याच्या दवाखान्यात पोचले.

संध्याकाळपर्यंत ऑक्सिजनवर दोघींना तरतरी आली. उत्तरेश्वर कॉटजवळ बसून रडत होता.

"बाळ रडलं म्हणून वाचलात," तो म्हणाला. "न्हायतर म्या चहाच पीत बसलो असतो. त्याला बाहीर कधी आणून ठिवलंस?"

धुरपदाबाई गोंधळून त्याच्याकडं बघायला लागली.

"म्या कुठं आणलं? तुमीच नेलं की. दार वाजलं, म्या किलकिलं केलं. वाफंत तोंड दिसंना, पर हात पुढं आला. म्या बाळ दिलं अन् कडी लावली."

उत्तरेश्वरनं आपल्या कापलेल्या बोटाकडं पाहिलं.

"अवं, त्येवढं सांगा," ती दमल्या आवाजात म्हणाली, "चहा पीत व्हता, तर तुमचा हात इतका गार कशानं?"