पऱ्हाट्यांची मोळी

चाकं गरगर फिरत होती आणि गाडी तसूभर पुढं सरकत नव्हती. सावद्याकडून सातपुड्याच्या पायथ्याला जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, केळीच्या दोन बागांच्या मधोमध, एक कोरी करकरीत फोर बाय फोर काळ्या चिखलात रुतून बसली होती. पाटाचं पाणी फुटून रस्त्यावर आलं होतं. आतला तरुण ॲक्सिलरेटर दाबत होता, आणि दर खेपेला गाडी आणखी बोटभर खाली जात होती.

समोरून दवाखान्याची गाडी चालवत येणारी कोकिळा कोरड्या जागेवर थांबली. खाली उतरली तीच तावातावानं. रागात तिच्या तोंडून अहिराणीच निघायची.

"अरे थांब ना भो! काय करी राह्यना? पाय काढ पहिले. गाडी पाताळमा जाई!"

इंजिन गप्प झालं. काच खाली आली. कपाळावर चिखलाचा ठिपका, आणि त्याखाली दोन गोंधळलेले, बरेचसे देखणे डोळे.

"ताई, मी पानं टाकलीत ना चाकाखाली. दोन खांबसुद्धा टाकले..."

कोकिळेनं वाकून पाहिलं. चाकाखाली केळीची पानं आणि खांब यांचा हिरवा लगदा झाला होता.

"केळीचं पान? चाकाखाली?"

"आमच्याकडे सगळे तेच टाकतात."

"आणि सगळे अडकतात! खांबात नुसतं पाणी असतं. चाकाला पकड काय मिळणार, डोंबल?"

ती अशीच होती. सव्वीस वर्षांची, शिरपूर तालुक्यातल्या कपाशीवाल्या वनाभाऊंची लेक. यावलच्या एका संस्थेचा फिरता दवाखाना ती पाड्यापाड्यांवर घेऊन जायची. या कामाला दोन वर्षं झाली होती, तरी रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस आधी तिच्याकडे बघायचा आणि मग शेजारच्या सीटवर कुणी पुरुष आहे का ते बघायचा. तिथे असायच्या मंदाबाई सिस्टर, मांडीवर लसींचा डबा घेऊन.

"कोकिळा, पाड्यावर बाया वाट बघत असतील," मंदाबाई खिडकीतून म्हणाल्या.

"वीस मिनिटं, सिस्टर. याला असंच सोडलं तर हा संध्याकाळपर्यंत विहीर खणेल."

तरुण हसला. त्याला राग आला नाही, हे कोकिळेनं टिपून ठेवलं. मग तिनं हुकूम सोडायला सुरुवात केली. फावडं घ्या. चारही चाकांपुढचा चिखल काढा, फक्त मागच्या नाही. हा लगदा फेकून द्या. आता चाकातली हवा कमी करा.

"हवा काढू? नव्या टायरची?"

"थोडीच. टायर जरा पसरलं की जमीन धरतं. बाहेर निघालात की पुन्हा भरून देते, माझ्याकडे पंप आहे."

तिनं आपल्या गाडीच्या टपावरून वाळलेल्या पऱ्हाट्यांची मोळी काढली. कपाशी उपटल्यावर शेतात उरतात त्या काटक्या, कडक, खरखरीत. चारही चाकांपुढं तिनं त्या आडव्या अंथरल्या. मग गाडी ओढायचा पट्टा काढून त्याच्या गाडीच्या हुकात अडकवला, दुसरं टोक आपल्या हुकात, आणि मधोमध ओलं पोतं टाकलं.

"हे पोतं कशाला?"

"पट्टा तुटला तर उसळून कुणाचं तरी डोकं फोडतो. पोत्यानं त्याचा जोर मरतो. सिस्टर, तुम्ही त्या बांधाच्या पलीकडे. आणि तुम्ही... नाव काय तुमचं?"

"कुंदन."

"कुंदनभाऊ, लो गियर टाका. स्टिअरिंग सरळ. पाय अगदी हलका. मी हॉर्न दिला की निघायचं, घाई करायची नाही."

त्यानं अक्षर न अक्षर ऐकलं. पट्टा ताणला गेला, पऱ्हाट्या कडाकड मोडल्या, आणि गाडी एखाद्या म्हशीसारखी सावकाश चिखलातून बाहेर आली.

"ताई, तुमचे उपकार..." असं म्हणता म्हणता तो थांबला. उन्हात उभ्या कोकिळेच्या गालावर चिखलाची रेघ होती, आणि ती घड्याळाकडे बघत होती. "नाही. ताई हा शब्द मी परत घेतो."

"शब्द ठेवा, पट्टा सोडा," ती म्हणाली. पण त्याच्या गाडीच्या हुकातून तो पट्टा काही केल्या सुटेना, उशीर होत होता, आणि शेवटी ती तो तिथेच टाकून निघाली. पुढचे चार किलोमीटर मंदाबाई नुसत्या हसत होत्या.

आठ दिवसांनी कुंदन पट्टा घेऊन यावलला हजर झाला. पट्टा स्वच्छ धुतलेला, वाळवलेला, घडी घातलेला होता.

"धुतलात?"

"चिखल आमच्या शेताचा होता ना." मग जरा घुटमळून, "मला शिकवाल? गाडी घेतली मी, पण चालवता येते ती फक्त डांबरावर."

रविवारी तिला सुट्टी असायची. सुकी नदीच्या कोरड्या पात्रात शिकवणी सुरू झाली. माघातलं ऊन, वाळूत गोटे, आणि कुंदनच्या शेजारी कडक चेहऱ्यानं बसलेली कोकिळा.

"उतारावर क्लच दाबायचा नाही. गाडी मोकळी सुटते. पहिला गियर, आणि इंजिनलाच धरू द्यायचं."

"आणि भीती वाटली तर?"

"तरी दाबायचा नाही."

"आणि शेजारचं माणूस आवडायला लागलं तर?"

"...समोर बघा."

तो समोर बघायचा. पण समोर बघता बघता त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू यायचं, त्यावर कोकिळेचंच लक्ष असायचं. पाणी ओलांडायच्या आधी काठी घालून खोली बघायची, गाडी बंद पडली तर आधी पार्किंगचे दिवे लावायचे, वळणावर मागे चाळीस पावलांवर झाडाची फांदी आडवी टाकायची, हे सगळं तो शिकला. तिसऱ्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. चौथ्या रविवारी त्यानं तिच्यासाठी डब्यातून भरीत-पुरी आणली, आणि पाचव्या रविवारी तिला कळून चुकलं की आठवड्याचे सहा दिवस ती फक्त सातव्याची वाट बघते. स्वतःवरच चिडली ती. पण चिडून काही फरक पडला नाही.

सहाव्या रविवारी त्यानं गाडी पात्राच्या मधोमध उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"कोकिळा, मी घरी सांगितलं. आबांना."

"मग?"

"म्हणाले, मुलगी चांगली दिसते. फक्त..." त्याची बोटं स्टिअरिंगवर फिरत राहिली. "गाडी सोडावी लागेल. पाटलांची सून डोंगरात गाडी हाकते, असं लोक बोलतील म्हणे. तू आत्तापुरतं हो म्हण ना. लग्न तर होऊ दे. मग मी त्यांना हळूहळू वळवतो."

 कोकिळेच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही आणि लपवलंही नाही.

"कुंदन, तू मला आवडतोस. खूप आवडतोस. हे मी पहिल्यांदाच बोलतेय आणि कदाचित शेवटचं. पण तू हे जे सांगतोयस ना, ती केळीची पानं आहेत. हिरवीगार, मऊ, हाताशी असलेली. टाकली चाकाखाली की वाटतं, निघालो. आणि माणूस आणखी खोल जातो."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. आज हो म्हणायचं, मग वर्षभर थांबायचं, मग पोरबाळ, मग कशाला आता. डोंगरात बाळंतीण अडली की मी जाते. माझ्याशिवाय त्या रस्त्यानं कुणी गाडी घालत नाही. मनी गाडी शे ती. माझी आहे. नही सोडणार." ती दार उघडून उतरली. "पकड धरेल असं काही असेल तर पुढच्या रविवारी ये. नसेल तर येऊ नकोस. आणि मधल्या दिवसांत फोनही करू नकोस."

ती पात्रातून पायी आपल्या गाडीपर्यंत गेली. मागे वळून बघावंसं तिला फार वाटलं. तिनं बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी दवाखाना घेऊन निघाली तर त्याच पाटाच्या रस्त्यावर, अगदी त्याच जागी, तीच गाडी रुतलेली.  पण गाडीजवळ कुंदन नव्हता. पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेले साठीचे एक गृहस्थ चाकाखाली केळीची पानं कोंबत होते.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "हे आबा दिसतात."

रुपचंद आबांनीही तिला ओळखलं. त्या रस्त्यानं गाडी चालवणारी मुलगी एकच होती.

"तुह्याकडेच येऊन राह्यलो होतो," आबा कंबर सरळ करत म्हणाले. "पोरगा चार दिवस झाले, मह्याशी धड बोलत नाही. म्हटलं, पाहू तरी कोन आहे ती."

"बघा मग. पण आधी ती पानं काढा."

"कायले? मह्या बापानं पानंच टाकली, मीबी पानंच टाकतो."

"टाका. मी थांबते."

आबा गाडीत बसले आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी आणखी खाली गेली. पुन्हा दाबला. चिखलाचा फवारा त्यांच्याच पांढऱ्या टोपीवर आला. मंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. कोकिळा मात्र हसली नाही. तिनं पुढं जाऊन बॉनेटवर थाप मारली.

"आबा, पाय काढा."

"तू मले शिकवते?"

"हो, शिकवते. तुमच्या पोरालाही मीच शिकवलं."

आबा ताडकन म्हणाले, "मह्या घरातल्या सुनेनं गाडी चालवनं मले चालनार नाही. सांगून ठेवतो!"

"मग मी तुमची सून नाही," कोकिळा म्हणाली. आवाज शांत होता. "आत्ता मी फक्त ड्रायव्हर आहे आणि तुम्ही रस्त्यात अडकलेला माणूस. तुम्हाला बाहेर काढल्याशिवाय मी जाणार नाही. स्टिअरिंग सरळ धरा."

 मग आबांनी स्टिअरिंग सरळ धरलं.

फावडं, हवा, पऱ्हाट्या, पट्टा, पोतं... तेच सगळं. आबा कुरकुरत होते, पण सांगेल ते करत होते. हॉर्न वाजला, पऱ्हाट्या कडाडल्या, आणि गाडी बाहेर. कोकिळेनं पंपानं चाकांत हवा भरली, पट्टा गुंडाळला आणि निघताना फक्त एवढंच म्हणाली, "पक्क्या रस्त्यानं घरी जा, आबा."

मोडक्या पऱ्हाट्या चिखलात पडल्या होत्या. आबा त्यातली एक उचलून तिच्याकडे कितीतरी वेळ बघत उभे होते. एवढंच तिला आरशात दिसलं.

रविवारी ती सुकीच्या पात्रात गेली. जायचं नाही असं रात्रभर ठरवून गेली. कुंदन आधीच आला होता. त्याच्या पायाशी पऱ्हाट्यांची मोठी मोळी होती, नव्या काथ्यानं बांधलेली, काथ्याला हळदीकुंकवाची बोटं लावलेली.

"आबांनी पाठवलीय," तो म्हणाला. "काल स्वतः असोद्याला जाऊन आणली. मला म्हणाले, लोक सोयरिकीले नारळ पाठवतात, पन त्या पोरीले हेच लागते. तिच्या गाडीत ठेव, रस्त्यात कमी पडायले नको."

कोकिळेनं मोळीवरून हात फिरवला. पण ती वनाभाऊंची लेक होती, एवढ्यावर विरघळणारी नव्हती.

"आणि आबांनी पाठवली नसती तर? तू आला असतास?"

 कुंदननं आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं. आत आणखी एक मोळी होती. लहान, वेडीवाकडी, गाठ सुटत आलेली, बांधायची सवय नसलेल्या हातांनी बांधलेली. मागच्या उघड्या खिडकीतून तिच्यावर शुक्रवारचा काळा चिखल उडून वाळून गेला होता.

"ही माझी. सोमवारीच आणली. त्याच दिवशी आबांना सांगितलं, की ती गाडी सोडणार नाही आणि मी तिला सोडणार नाही. तेव्हापासून ही गाडीतच आहे. परवा आबा अडकले, तेव्हाही मागेच होती... त्यांना ठाऊक नव्हतं ती कशासाठी असते. रविवारची वाट बघत होतो. फोन करू नको म्हणाली होतीस ना."

कोकिळेनं ती वेडीवाकडी मोळी उचलली. गाठ सोडली, काटक्या नीट रचल्या, आणि पुन्हा करकचून बांधली.

"गाठ अशी मारायची," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "सरक तिकडे. आज गाडी मी चालवणार."

कुंदन सरकला.